किनारा कुणाचा सरकला?

समुद्र किनारा खातो आहे ही बातमी दर पावसाळ्यात येते आणि पावसाळ्याबरोबरच निघून जाते. उन्मळून पडलेले माड, मंत्र्यांचा पाहणी दौरा, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची घोषणा, झाले! किनारा सरकला हे ठरवले कुणी, कोणत्या सालापासून मोजून, आणि त्या मोजणीत किनाऱ्यावरची वस्ती होती की नव्हती, हा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही.

सरकारकडे आकडे नाहीत असे नाही. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातील देशाचा 6,632 किलोमीटर किनारा तपासला. त्यापैकी 33.6 टक्के किनाऱ्याची धूप होत आहे, 26.9 टक्के किनाऱ्यावर भर पडत आहे आणि बाकीचा स्थिर आहे, असे आढळले. पश्चिम बंगालमध्ये धूप 60.5 टक्के, महाराष्ट्रात 25.5 टक्के. म्हणजे आपण सुखी म्हणायचे! पण कोकणचा किनारा सलग वाळूचा नाही. दोन पुळणींच्या मध्ये कातळ आहे आणि कातळ अठ्ठावीस वर्षांत जागचा हलत नसतो. तो धरून काढलेली टक्केवारी पुळणीवर होडी ओढणाऱ्या माणसाला काय सांगणार?

वास्तविक ही मोजणी समजायला अवघड नाही, ती अवघड करून सांगितली जाते. वेगवेगळ्या सालांच्या नकाशांवरून आणि उपग्रहचित्रांवरून किनारारेषा आखायच्या. एक पायारेषा धरून तिच्यापासून समुद्राकडे ठरावीक अंतरावर आडव्या रेघा मारायच्या. प्रत्येक रेघेवर कोणत्या साली किनारा कुठे होता ते मांडायचे आणि तो वर्षाला किती मीटर मागे-पुढे गेला ते काढायचे. खरी मेख आहे ती किनारा कशाला म्हणायचे यात. भरती-ओहोटीत सपाट पुळणीवर पाणी कितीतरी मीटर आत-बाहेर होते. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि पुढे शांत झालेला समुद्र तीच वाळू परत आणून टाकतो, हे कोकणातले शेंबडे पोरही जाणते. जुने चित्र फेब्रुवारीचे आणि नवे सप्टेंबरचे घेतले तर नसलेली धूप दिसेल. उलट घेतले तर असलेली धूप झाकली जाईल. त्यात नेहमी वापरल्या जाणाऱ्या लँडसॅट चित्रांतील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 30 मीटर. वर्षाला अर्धा मीटर मागे हटणारा किनारा ओळखायला अनेक वर्षांची, एकाच हंगामातली आणि भरतीचा हिशेब केलेली चित्रे लागतात. दोन चित्रे शेजारी ठेवून चालत नाही.

जगभरच्या वाळूच्या किनाऱ्यांचा 1984 ते 2016 या काळाचा असाच एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात 24 टक्के किनारे मागे हटताना आणि 28 टक्के पुढे येताना आढळले. मग भर जास्त असताना रडता कशाला, असे कुणी म्हणेल. त्याने चेन्नईला जाऊन पाहावे. इंग्रजांनी तेथे 1870 च्या दशकात बंदराचे बांध समुद्रात घातले. त्या किनाऱ्यावर वाळूचा वर्षभराचा एकूण ओघ दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा. ती वाळू बांधाच्या दक्षिणेला अडली आणि मरीनाची चौपाटी रुंद होत गेली. गव्हर्नर ग्रँट डफ याने 1884 साली तेथे फिरायला रस्ता केला. उत्तरेकडच्या रायपुरम, तिरुवोट्टियूरच्या मच्छीमारांच्या वाट्याची वाळू मात्र तुटली, किनारा खचत गेला आणि शेवटी तेथे दगडी भिंती आल्या. आता काढा सरासरी! इकडची भर, तिकडची धूप, हिशेब जमला. शिवाय भिंत घातली की रेषा सरकायची थांबते. घड्याळ 1990 पासून सुरू केले आणि भिंतीची नोंद वेगळी ठेवली नाही, तर पुळण गमावलेली वस्ती कागदावर 'स्थिर' ठरते. होडी ओढायला आणि जाळी वाळवायला वाळू उरली आहे काय, असा रकाना कोष्टकात नसतो.

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील सातभाया येथली बहुतेक गावे समुद्राने गिळली आणि उरलेली 571 कुटुंबे बागपतिया येथे हलवावी लागली. तेथल्या पंचुबराही मंदिरात पूजेचा मान दलित मच्छीमार स्त्रियांचा, पुरुषांनी मूर्तींना हात लावायचा नाही अशी चाल. एप्रिल 2018 मध्ये पाच अवजड मूर्ती हलवण्यासाठी पुरुषांना आत घेतले आणि चारशे वर्षांची प्रथा मोडली म्हणून देशभर बातमी झाली. प्रथा टिकावी की मोडावी हा आमचा विषय नाही. पण मूर्ती हलल्या त्याची बातमी होते आणि माणसे हलतात तेव्हा त्यांनी वर्षाला किती मीटर जमीन गमावली, हे विचारायलाही कुणी जात नाही. घराला जागा मिळाली म्हणजे पोटाची सोय झाली असेही नाही.

हे आकडे केवळ शास्त्रज्ञांपुरते नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी धूप रोखायला 1,500 कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला 1,000 कोटी रुपयांची शिफारस केली होती. अशा पैशासाठी धूप कागदावर दाखवावी लागते. म्हणून आमची मागणी साधी आहे. मोजणी गावनिहाय, मराठीत, कोणत्या साली आणि कोणत्या महिन्यात केली त्यासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. भिंतीमागचा किनारा वेगळ्या रकान्यात दाखवा. आणि नवा बंधारा मंजूर करण्यापूर्वी, ज्या गावाकडे वाळू वाहत जाते त्या पुढच्या गावाच्या पुळणीची मोजणी आधी करा.