कोठारापासून दोन हजार यार्ड

युद्धाचा विषय निघाला म्हणजे आपल्या घराघरांतून तरवारीच्या आणि पराक्रमाच्या गोष्टी रंगतात. दारूगोळ्याच्या कोठाराची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. वस्तुतः घरी राहणाऱ्यांचा युद्धाशी निकटचा संबंध येतो तो त्या कोठारामुळेच.

चाकणचा भुईकोटच पाहा. १६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने तो भर पावसाळ्यात सुमारे दोन महिने झुंजविला. अखेर मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग पेरला व बुरूज उडविला, तेव्हा कोठे किल्ला पडला. दोन महिन्यांत जे साधले नाही ते दारूने क्षणात साधले. अशी ही वस्तू राज्यास हवी हे खरे. परंतु ती ठेवावयाची कोठे आणि राखावयाची कशी, हा प्रश्न रणांगणावरचा नसून मागच्या कारभाराचा आहे.

हा कारभार शिवछत्रपती किती बारकाईने पाहत, हे त्यांनी १६७४ साली चिपळूणकडील लष्कराच्या अधिकाऱ्यांस पाठविलेल्या पत्रावरून कळते. दाणागवत पावसाळाभर पुरवून वापरावे, रयतेस उपद्रव देऊ नये, एवढे सांगून ते थांबत नाहीत. रात्री दिवा तसाच ठेवल्यास उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथपर्यंत त्यांची दृष्टी पोहोचते. राज्य चालविणाऱ्याने उंदराचाही विचार करावा लागतो!

तो न केल्यास काय होते, हे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईने अनुभविले. ‘फोर्ट स्टिकिन’ या एकाच जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. आग लागली, स्फोट झाले, शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. युद्ध दूर ब्रह्मदेशाच्या सीमेवर चालले होते. मृत्यू मात्र गोदीत आला.

आता आपल्या परिसराकडे वळू. महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्कराची छावणी वसली. तेथील दारूगोळ्याच्या कोठाराभोवती दोन हजार यार्डांचा, म्हणजे सुमारे १,८२९ मीटरांचा, पट्टा निर्बंधाखाली आहे. लोक त्यास ‘रेड झोन’ म्हणतात. निगडी, तळवडे या भागांतील कित्येक घरे व जमिनी त्यात सापडल्या आहेत. तेथे नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या घरांचे भवितव्य टांगणीस लागलेले असते. भावाभावांत वाटणी झाली तरी हाती येणाऱ्या जमिनीवर भिंत उभी राहत नाही.

काही जण म्हणतात, हे अंतर उठवा. आम्हांस ते मान्य नाही. गोदीचा प्रसंग ज्यास ठाऊक आहे तो असे म्हणणार नाही. परंतु हे अंतर सोडणारा गृहस्थही एक प्रकारे देशसेवाच करीत असतो, हे सरकारने विसरू नये. शिपायास पगार मिळतो, पदक मिळते, निवृत्तिवेतन मिळते. या गृहस्थास बहुधा नोटीसच मिळते. ज्या १९०३ च्या कायद्याने असे निर्बंध घालता येतात, त्याच कायद्यात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. निर्बंधाचे कलम जागे आणि भरपाईचे निजलेले, हा न्याय नव्हे.

आमच्या वाचकांस एवढेच सांगणे की, या बाजूस जागा घेण्यापूर्वी घरातील जाणत्याने स्वतः महानगरपालिकेत जावे, नकाशावर ती रेषा पाहावी, आणि मगच विसार द्यावा. विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर विसंबू नये. जन्माची पुंजी एकदा त्या रेषेच्या आत गेली की ती बाहेर काढणे फार कठीण असते.