छायाचित्र कोणाचें?

गेल्या वैशाखांत आमच्या नातीचा विवाह झाला. छायाचित्रकारानें पावतीबरोबर एक छापील कागद पुढें केला. घरांतील वडील म्हणून मीं त्यावर न वाचतांच सही केली. दिवाळींत त्याच्या दुकानावरील फलकावर नातीचें वधूवेषांतील चित्र झळकलें! ती एवढेंच म्हणाली, "आजोबा, मला विचारलें असतें तर?"

मग कायदा उघडला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें १७ वें कलम सांगतें कीं, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी, उलट करार नसल्यास, तें काढविणाराच होय. छायाचित्रकार कर्ता खरा, पण स्वामी नव्हे. आमच्या घरीं मात्र तो उलट करार माझ्याच सहीनें झाला होता.

तेव्हां वाचकहो, छायाचित्रकारास दोष देऊं नये. त्याला जाहिरातीसाठीं चित्र हवें असेल, तर मोबदल्यांत तितकी सूट मागावी. आणि हक्क कशासाठीं व किती काळ, हें लिहून ठेवावें. मुदत न लिहिल्यास १९ वें कलम ती ५ वर्षें धरतें.

आणि सही? जिचें मुख, तिची संमति. तेथें वडिलकीचा अधिकार चालत नाहीं, हें मीं सत्तरीच्या उंबरठ्यावर शिकलों.