मोटारीची वाजवी किंमत

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कारकून किंवा पाचनंदच्या सिडको वसाहतीत राहणारा एखादा शिक्षक मोटार घेण्याचा विचार करू लागतो, तो निव्वळ चैन म्हणून नव्हे. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावू लागली हे खरे. परंतु रात्रपाळी संपवून घर गाठायचे किंवा वृद्ध आईला पनवेलच्या रुग्णालयात न्यायचे, तर रिक्षावाल्याच्या मर्जीवर राहणे त्याला परवडत नाही. वर्षानुवर्षांची शिल्लक गोळा करून तो शोरूममध्ये पाऊल टाकतो. जाहिरातीत ५ लाख ९० हजारांची म्हणून वाचलेली गाडी तेथे त्याच्या हाती दिलेल्या कागदावर सात लाखांच्या घरात जाऊन बसलेली असते. मधली लाखभराची रक्कम कशाची, हे त्याला उमगत नाही. आणि भिडेपोटी तो ते विचारीतही नाही.

एके काळी हा प्रश्न सरकारने सोडवावयाचा, अशी समजूत होती. अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीनच गाड्या बाजारात असताना १९६९ साली सरकारने त्यांच्या किमती बांधून दिल्या. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले, चौकशी आयोग बसला, आणि पोलादाच्या पत्र्यापासून भांडवलावरील परताव्यापर्यंत प्रत्येक बाबीचा हिशेब मांडून मोटारीची वाजवी किंमत किती, याचा न्यायालयात काथ्याकूट झाला. ज्याच्यासाठी हा खटाटोप होता त्या ग्राहकाला मात्र वाजवी किमतीची गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठावे लागे, आणि ज्याला घाई असे तो वरचे पैसे मोजून दुसऱ्याची गाडी घेई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, १९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवानापद्धती उठली. आता गाड्या उदंड आहेत. स्पर्धेमुळे किंमत आपोआप वाजवी होईल, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. पण विकणाऱ्यास आणि घेणाऱ्यास सारखीच माहिती असेल तर, ही अट त्याच पुस्तकांत असते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन या अटीचे महत्त्व दाखविले आणि पुढे २००१ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. नव्या मोटारीच्या बाबतीत यंत्राचा दोष लपत नाही. लपते ती किंमत.

ही किंमत तुकड्यातुकड्यांनी लपते. पहिला तुकडा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा अधिभारही गेला. छोट्या पेट्रोल गाडीवर पूर्वी अधिभारासह २९ टक्के पडत. म्हणजे कराविना पाच लाखांची जी गाडी ६ लाख ४५ हजारांना होती, ती ५ लाख ९० हजारांना मिळावयास हवी. जुन्या किमतीस १२९ ने भागून ११८ ने गुणले की आकडा हाती येतो, आणि विक्रेत्याने जाहीर केलेली ‘खास सवलत’ त्याच्या पदरची की सरकारी तिजोरीतील, हे दोन मिनिटांत कळते.

दुसरा तुकडा राज्याच्या वाहनकराचा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस तो ११ टक्के पडतो. नोंदणीची फी केंद्रीय नियमांनुसार ६०० रुपये आणि कर्जाचा बोजा चढविण्याची १,५०० रुपये. कोटेशनवर ‘नोंदणी व इतर’ या सदराखाली याहून बरीच मोठी रक्कम दिसली, तर ती कोणत्या पावतीवर मिळणार, असा प्रश्न विचारलाच पाहिजे. ‘हँडलिंग’च्या नावाखाली मागितलेल्या पैशांनाही तोच न्याय लावावा.

तिसरा तुकडा विम्याचा, आणि विक्रेत्याची खरी मिळकत पुष्कळदा येथेच असते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचे दर विक्रेत्याच्या हाती नाहीत. २०२२ साली अधिसूचित झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या गाडीस तो ६,५२१ रुपये आणि १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये, अधिक कर. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र कोणत्याही कंपनीकडून घेता येतो. तो आमच्याकडूनच घेतला पाहिजे, असे सांगणाऱ्या विक्रेत्यास कायद्याचा आधार नाही. पायपुसणी, सीटकव्हर आणि वाढीव वॉरंटी यांबद्दल न बोललेलेच बरे.

कर्जाच्या बाबतीत ‘सात टक्के फ्लॅट’ या दोन शब्दांनी अनेकांना फसविले आहे. सहा लाखांवर पाच वर्षे सात टक्के म्हणजे २ लाख १० हजार व्याज आणि १३,५०० रुपयांचा हप्ता. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र मूळ सहा लाखांवरच आकारले जाते. घटत्या शिलकेवर मोजल्यास हा दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास भरतो. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जासोबत वार्षिक एकूण दर दाखविणारे मुख्य तपशीलपत्रक देणे सक्तीचे केले आहे. ते मागून घ्यावे आणि हप्त्याआधी तो दर वाचावा.

आता या सगळ्या कटकटींवर उतारा म्हणून लीज, म्हणजे भाडेपट्टा, पुढे केला जातो. अनामत थोडी, विमा आणि दुरुस्ती त्यातच, दरमहा एक ठरावीक रक्कम. नोकरदारास हे सोपे वाटते. पण सोपेपणाचीही किंमत असते. समजा, रस्त्यावर येईपर्यंत सात लाख पडणारी गाडी आहे. एक लाख रोख आणि सहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १२,४५५ रुपये येतो. रोख रकमेसह एकूण ८ लाख ४७ हजार. विमा-दुरुस्तीचे दीड लाख धरले आणि पाच वर्षांनी गाडी तीन लाखांस विकली, तर निव्वळ खर्च ७ लाखांच्या किंचित खाली, म्हणजे महिन्यास सुमारे ११,६०० रुपये. तीच गाडी लीजवर १५,५०० रुपयांना मिळत असेल, तर उरलेले जवळजवळ ३,९०० रुपये निर्धास्तपणाचे. ज्याची दोन-तीन वर्षांत बदली व्हावयाची आहे किंवा ज्याच्याकडे रोख लाख नाहीत, त्याला ते कदाचित परवडतील. तळोज्यात घर घेऊन स्थिरावलेल्या माणसाला ते का परवडावेत? शेवटच्या दिवशी गाडी परत करावी लागते आणि तिचे तीन लाख मालक कंपनीस मिळतात, ही गोष्ट हप्त्याच्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

करारातील बारीक अक्षरांत आणखी पुष्कळ काही असते: वर्षाला किती किलोमीटर, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला किती, मुदतीआधी गाडी परत केल्यास दंड किती, ओरखड्याचे पैसे कोणाचे. गाडी कोणाच्या नावावर नोंदली जाणार हेही पाहावे. कारण महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील मोटारीस २० टक्के वाहनकर आहे आणि तो शेवटी भाड्यातूनच वसूल होणार. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार भाडेपट्ट्याने गाडी ताब्यात असलेला मनुष्यच ‘मालक’ ठरतो. मालकीचा लाभ एकाचा आणि कायद्यापुढील जबाबदारी दुसऱ्याची, अशी ही विभागणी आहे.

कर्जासाठी घालून दिलेला तपशीलपत्रकाचा दंडक लीजलाही लावण्यास काही अडचण असू नये. एकूण द्यावयाची रक्कम, मुदतअखेर गाडीची गृहीत धरलेली किंमत आणि मध्येच सोडल्यास पडणारा दंड हे तीन आकडे पहिल्या पानावर मराठीत छापले, तर विक्रेत्याचे कोणतेही गुपित फुटत नाही. परिवहन खात्याने प्रत्येक शोरूमच्या दारात वाहनकर व नोंदणी फीचा फलक लावावयास भाग पाडावे. त्याला नव्या कायद्याचीही गरज पडू नये. तोवर तळोज्याच्या ग्राहकाने पनवेल, नवी मुंबई आणि ठाणे अशा निदान तीन ठिकाणांहून सदरवार, सही-शिक्क्याची कोटेशने आणावीत आणि ती हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.