ओढ्याचा काठ आराखड्यात हवा

वाळवंटी ओढ्यांच्या काठची झाडी वाचवण्यावर जगभर बरेच काम झाले आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस घेणाऱ्या वसई-विरारचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. पण हा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. शेजारच्या तुंगारेश्वरच्या डोंगरातला काळा कातळ पाणी फारसे धरत नाही, आणि होळी सरली की बहुतेक ओढ्यांत झऱ्यांवर तगलेले डोह तेवढे उरतात. आजूबाजूचा माळ करपलेला असताना डोहाकाठचे करंज, उंबर, जांभूळ हिरवे असतात. पाखरे आणि जनावरे पाण्यासाठी, सावलीसाठी, फळांसाठी तिथेच येतात. अमेरिकेच्या ॲरिझोना-न्यू मेक्सिको भागात ओढे-नद्यांचे काठ एकूण जमिनीच्या दोन टक्केही भरत नाहीत, तरी तिथे वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्याहून अधिक जाती या काठांवर अवलंबून आहेत. म्हणजे प्रदेश जितका कोरडा, तितकी या अरुंद पट्टीची किंमत जास्त. आपला प्रदेश वर्षातले निदान चार-पाच महिने तसा कोरडाच असतो.

तुंगारेश्वर अभयारण्य 2003 मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर. डोंगरात ओढ्याला वनखात्याचे संरक्षण आहे. खाली खाडीला मिळाल्यावर तिवरांचे आहे, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने तिवरांपासून पन्नास मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे. मधल्या टप्प्यात मात्र ओढा अहमदाबाद महामार्गाखालून, वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या कारखान्यांमधून आणि मग रेल्वेच्या मोऱ्यांतून जातो, आणि तिथे काठच्या करंजाला असा कोणताही ठोस आधार नाही. नद्यांच्या काठी कोणता उद्योग किती अंतरावर असावा हे सांगणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण होते. तेही 2015 मध्ये रद्द झाले. निळी आणि लाल पूररेषा पाणी कुठवर चढते ते दाखवतात, काठावर काय जगते त्याची त्यांना फिकीर नाही. मग उन्हाळ्याच्या शेवटी नालेसफाईचा जेसीबी उतरतो आणि गाळाबरोबर निरगुडीची, वाळुंजाची मुळेही खरवडून नेतो. तळाला काँक्रीट आणि बाजूला उभी भिंत आली की पहिल्या पावसात खालून वर येणाऱ्या चढणीच्या माशांची वाटही बंद होते. भातखाचरांत वलगणीचे मासे धरणारी पिढी अजून हयात आहे. तिला हे वेगळे सांगायला नको.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पुराचा आहे. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या, मिठागरांतली कुटुंबे अडकली. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना पाणी झटपट काढून देणारा सरळ, पक्का नाला हवा असतो आणि त्यांची मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण वसईचे पाणी शेवटी खाडीत जाते, आणि खाडीला भरती असेल तर ते घेतले जात नाही. डोंगरातले पाणी जितक्या वेगाने खाली आणाल तितके ते भरतीपाशी येऊन तुंबणार. महापालिकेने नेमलेल्या नीरी आणि आयआयटी मुंबईच्या समितीने धारण तलाव सुचवले ते पाणी मध्येच थोपवण्यासाठी. झाडी असलेला, पसरट काठ तेच काम विनाखर्च करतो. पश्चिम पट्ट्यातली बावखले, म्हणजे तळी, पिढ्यान्‌पिढ्या पाणी धरून विहिरींना पुरवत आली, आणि तीही आपण बुजवत चाललो आहोत.

दुसरा आक्षेप पाण्याचा. झाडे पाणी पितात, म्हणून ती काढली की पाणी वाचेल, असा हिशेब अमेरिकेत टॅमरिस्क नावाच्या परक्या झुडपाबाबत करून झाला. मोठ्या प्रमाणावर तोड केल्यावर पाण्याची बचत अपेक्षेपेक्षा कमी निघाली, कारण त्या जागी आलेली दुसरी झाडीही पाणी पितेच. राहिला जागेचा प्रश्न. परवडणारे घर शोधत लाखो लोक इथे आले, त्यांना जागा नाकारणे अन्याय ठरेल. पण ओढ्याकाठची जागा स्वस्त असते ती तिथे पाणी येते म्हणूनच, आणि तिथले घर घेणारा पहिल्याच मोठ्या पावसात त्या स्वस्ताईची किंमत मोजतो. ही सोय बिल्डरची आहे, घर घेणाऱ्याची नव्हे.

वसई-विरारच्या 2001 ते 2021 या काळासाठीच्या विकास आराखड्याची मुदत संपली आहे. नव्या आराखड्यात महामार्गापासून खाडीपर्यंतचा प्रत्येक ओढा त्याच्या दोन्ही काठांसह नकाशावर दाखवावा, आणि तिवरांना आहे तसे निश्चित मीटरचे अंतर त्यालाही द्यावे. हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा आपल्या इमारतीमागचा ओढा त्या नकाशात आहे की नाही ते प्रत्येक सोसायटीने पाहावे, आणि नसेल तर लेखी हरकत नोंदवावी.