जगज्जेत्यांचा सुकाळ

आमच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास उलटा चालतो. प्रश्न मुलांनी विचारावयाचे आणि उत्तरे मास्तरांनी द्यावयाची. २०२४ च्या पावसाळ्यात नववीतला एक काटकुळा पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, बॉक्सिंगच्या सगळ्यांत मोठ्या वजनगटात जगज्जेता कोण?" मी सोमवारचा वायदा केला, रविवार त्या शोधात घालवला, आणि सोमवारी फळ्यापाशी उभा राहिलो तेव्हा माझी गत एकाच बोहल्यावर दोन नवरदेव पाहणाऱ्या भटजीसारखी झाली होती!

वाचकहो, दोन नवरदेव म्हणजे नशीबच म्हणावयाचे. धंदेवाईक मुष्टियुद्धात एकेका वजनगटाच्या बोहल्यावर चार-चार जगज्जेते उभे राहू शकतात. पूर्वी वजनगट आठ होते आणि लोक आठ नावे तोंडपाठ म्हणत. आता गट झाले सतरा. सतरा चोक अडुसष्ट! एवढ्याने भागत नाही म्हणून कोणी 'सुपर' जगज्जेता नेमतो, कोणी 'हंगामी', तर कोणी 'डायमंड' पट्टा बांधतो. त्याखाली खंडाखंडांचे पट्टे निराळे. २०१७ साली आपल्या वरळीला विजेंदर सिंगने चिनी प्रतिस्पर्ध्याला हरवून 'ओरिएंटल' पट्टा मिळवला. विजेंदरच्या ठोशाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पट्ट्यांच्या दुकानाविषयी.

या दुकानाचा इतिहास फार लांब नाही. १९२१ साली अमेरिकेत निघालेल्या नॅशनल बॉक्सिंग असोसिएशनने १९६२ साली आपल्या नावातले राष्ट्र काढून तेथे जग घातले. झाली जागतिक संस्था! पुढच्याच वर्षी मेक्सिको शहरात वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल जन्मली. पहिल्या संस्थेच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरलेल्या रॉबर्ट ली याने १९८३ साली इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन उभी केली. हरलेला पुढारी नवा पक्ष काढतो, हे आपणांस नवे नाही. १९८८ साली चौथी निघाली, वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन. यांतल्या एकीलाही जगाने मत दिलेले नाही.

मग या चालतात कशावर? मुष्टियोद्ध्याच्या कमाईवर. अजिंक्यपदाच्या लढतीत त्याला जे मानधन मिळते, त्यातून साधारण शेकडा तीन या संस्थेच्या पदरात पडतात. दात पडणार त्याचे, भुवई फुटणार त्याची, आणि पट्ट्याचे भाडे भरावयाचे तेही त्यानेच! जितके पट्टे तितकी भाडी. मी उद्या वर्गात पहिला नंबर काढावयाची फी घेऊ लागलो, तर माझ्या वर्गात पहिले नंबर किती निघतील, हे सांगावयास गणिताच्या मास्तरांची गरज नाही.

क्रमवारीचा धंदा याहून किळसवाणा. त्याच ली यांच्यावर क्रमवारीसाठी लाच घेतल्याचा खटला झाला. बहुतेक आरोपांतून ज्युरीने त्यांना सोडले, परंतु कर चुकवणे, पैशाचा उगम लपवणे यांत २००० साली ते दोषी ठरले आणि पुढे शिक्षाही झाली. डॅरिन मॉरिस नावाचा मुष्टियोद्धा २००० च्या ऑक्टोबरात वारला. त्यानंतर, २००१ साली, चौथ्या संस्थेने आपल्या क्रमवारीत त्याला दोनदा वर चढवले! मेलेला माणूस ठोसा न मारता बढती घेतो आणि जिवंत पोरे व्यायामशाळेत घाम गाळीत बसतात.

आता त्या दोन नवरदेवांची कथा. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला गुणांवर हरवले आणि चारही पट्टे एका कमरेला आले. १९९९ नंतर या गटात प्रथमच निर्विवाद जगज्जेता झाला. पंचवीस वर्षे गादी वादात होती! जूनच्या अखेरीस मात्र त्यांतला एक पट्टा सुटलाही. फ्युरीशी परतीची लढत कराराने ठरलेली होती, आणि फेडरेशनला तिच्या यादीतल्या उमेदवाराशी लढत हवी होती. पट्टा गेला डॅनियल ड्युबुआकडे. हा ड्युबुआ कोण? ज्याला उसिकने २०२३ च्या ऑगस्टमध्ये पोलंडात नवव्या फेरीत गारद केले होते तोच. हरवणारा पायउतार आणि हरलेला गादीवर, आणि दोघांमध्ये नवा ठोसा एकही नाही. ही किमया फक्त कचेरीतच घडू शकते.

या संस्थांचे वकील म्हणतात, चार दारे असली म्हणजे गरिबाच्या पोराला शिरावयास वाव मिळतो. ऐकावयास गोड आहे. प्रत्यक्षात ज्याला त्याला आपापला पट्टा मिळाला, की दोन खरे बलवान एकमेकांना टाळू शकतात. १९९२ साली रिडिक बोवने कौन्सिलचा पट्टा लंडनमध्ये चक्क कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि लेनॉक्स लुइस न लढता जगज्जेता झाला. त्या दोघांची गाठ १९८८ च्या ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पडली होती. धंद्यात उतरल्यावर ती कधीच पडली नाही. पट्टा टाकून दिल्याबद्दल मी बोवचे कौतुकही केले असते, पण लढत टाळली तिचे काय?

हसण्यापूर्वी आपल्याही आखाड्याकडे पाहावे. २०२३ च्या एकाच नोव्हेंबरात महाराष्ट्राने दोन 'महाराष्ट्र केसरी' पाहिले: फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही अस्सल पैलवान, मेहनतीत कोणी उणा नाही. भांडण संघटनांचे, आणि गदा मात्र पैलवानांच्या खांद्यावर संशयाची झाली.

यावर कायदा पुरत नाही. अमेरिकेने २००० साली महंमद अलीच्या नावाचा कायदा करून पाहिला, तरी दुकाने चालूच राहिली. माझे गाऱ्हाणे वृत्तपत्रांकडे आणि दूरदर्शन वाहिन्यांकडे आहे. हे पट्टे छापणे बंद करा. कोणी कोणाला, केव्हा, कितव्या फेरीत हरवले, एवढेच छापा. ज्या किताबाचे नाव कोणी घेत नाही, त्याचे भाडे भरावयास कोण तयार होईल?

त्या सोमवारी मी वर्गाला ही हकीकत सांगितली, तेव्हा तो काटकुळा म्हणाला, "पण सर, ह्याला त्याने हरवलं होतं ना?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, तोच पोरगा दहावीच्या वर्गातून धावत शिक्षकांच्या खोलीपर्यंत आला. आदल्या शनिवारी उसिकने लंडनच्या वेम्बलीवर ड्युबुआला पाचव्या फेरीत लोळवले होते.

"सर, परत पाडला!" दारातूनच तो ओरडला, आणि मुख्याध्यापकांना पाहून पळाला.