कपाळावरचा दिवा

मुलांनो,

सांगलीच्या एका सातवीतल्या मित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, "बाई, या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं, आई, बाबा, दादा आणि मी, कळसूबाईला जाणार आहोत. शिखरावरून सूर्योदय पाहायचाय, म्हणजे रात्रीच चढायला लागणार. मी खाऊचे पैसे साठवलेत, त्यातून डोक्याला बांधायचा दिवा घेणार आहे. पण दुकानात इतके प्रकार आहेत, की डोकं चक्रावून गेलं. दादा म्हणतो, ज्याच्यावर सगळ्यांत मोठा आकडा तो घे. बाबा म्हणतात, मोबाइलची बॅटरी आहे की, उगाच खर्च कशाला? आता कुणाचं ऐकू?"

पत्र वाचून मला हसूच आलं. कारण बाबा जे म्हणतात ते मी करून पाहिलंय आणि दादा म्हणतो तेही करून पाहिलंय. दोन्ही वेळा चांगलीच फजिती झाली. तीच आज सांगते.

कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट चढते. वाटेत उभ्या कातळावर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही घरातली मंडळी अशीच रात्री निघालो. उजेडाला काय, तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल!

माझा भाचा तेव्हा सहावीत होता. शिडीच्या मध्यावर पोचला, तेव्हा एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हाताने कठडा धरलेला. दवाने पायऱ्या ओल्या झाल्या होत्या. त्याचा पाय सरकला. शहाण्या मुलाने मोबाइल सोडला आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. मोबाइल ठण ठण आपटत खाली गेला आणि विझला. वरून त्याचा आवाज आला, "मावशी, मला काहीच दिसत नाहीये गं!"

तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मी खाली उभी. माझा मोबाइल खिशातून काढेपर्यंत माझेच हात थरथरायला लागले. तेवढ्यात मागून एक गट आला. त्यातल्या एका दादाच्या कपाळावर दिवा होता. तो शिडीवर भाच्याच्या पाठोपाठ चढला आणि "आता उजवा पाय, आता डावा" असं म्हणत त्याला वर घेऊन गेला. दोन्ही हात मोकळे असल्यामुळेच त्याला ते जमलं.

म्हणून बाबांना सांग, की शिडीवर चढताना दोन हात आणि दोन पाय या चारांपैकी तीन नेहमी टेकलेले हवेत. हातात मोबाइल असला, की हा नियम पाळता येत नाही. शिवाय मोबाइलची बॅटरी राखून ठेवायची असते ती अडचणीत फोन करायला, ११२ लावायला. ती उजेडासाठी संपवली, तर ऐन वेळी काय करणार?

आता दादाची गोष्ट. पुढच्या खेपेला मी शहाणी झाले आणि बाजारात गेले. ज्या खोक्यावर हजारांतला आकडा दिसला, तोच दिवा घेतला. काय त्याचा झोत! पहिला तासभर मी ऐटीत सगळ्यांच्या पुढे चालत होते. दीड तासाने उजेड पिवळट झाला, दोन तासांनी समईएवढा उरला. निम्मी वाट अजून बाकी होती. उरलेला डोंगर मी दुसऱ्याच्या उजेडात, त्याच्या टाचांकडे बघत चढले.

चुकलं कुठं? खोक्यावरचा एकच आकडा मी वाचला होता. खरं तर तिथे तीन आकडे वाचायचे असतात.

पहिला आकडा ल्युमेनचा. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, ते तो सांगतो. तंबूत पुस्तक वाचायला, पिशवीतून डबा काढायला २०-३० ल्युमेन पुरतात. मळलेल्या पायवाटेवर चालायला १०० ते २०० ल्युमेन छान होतात. लांबची वाट शोधायची असेल, तेव्हाच ३०० किंवा जास्त लागतात, आणि तेही थोडा वेळ.

दुसरा आकडा अंतराचा. समजा, '१०० मीटर' असं लिहिलंय. म्हणजे शंभर मीटरवरचा दगड लख्ख दिसेल का? नाही! ज्या प्रमाणित पद्धतीने हे अंतर मोजतात, तिच्यात अंतर धरतात ते दिव्याचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो तिथपर्यंत. आता थोडं गणित करू. अंतर निम्मं केलं, की उजेड चौपट होतो. म्हणजे ५० मीटरवर चांदण्याच्या चौपट आणि २५ मीटरवर सोळापट. हेच उलटं करून पाहा. झोत दुप्पट लांब न्यायचा तर उजेड चौपट हवा. २०० ल्युमेनच्या जागी ८०० घेतले आणि झोताचा आकार तोच असला, तर अंतर फक्त दुप्पट होतं. सेल मात्र कितीतरी लवकर संपतात. दादाला हे गणित वहीत सोडवायला लाव!

तिसरा आकडा तासांचा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. त्यातही एक गोम आहे, बरं का. त्याच पद्धतीत दिवा सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. '६ तास' लिहिलं, म्हणजे सहा तास सारखा उजेड मिळेल असं नाही. सहाव्या तासाला ३०० चे ३० ल्युमेन उरलेले असू शकतात. आणखी एक फसगत होते. खोक्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या उजेडाचे ल्युमेन असतात आणि शेजारी लहान उजेडाचे तास! '५०० ल्युमेन, १०० तास' वाचून माणूस खूश होतो. पण ते दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. मागच्या बाजूचा तक्ता वाचा. कुठल्या उजेडाला किती तास, ते तिथे दिलेलं असतं. असा तक्ताच नसेल, तर आकडा कितीही मोठा असो, खोकं परत ठेवा.

तुमच्या चढाईचा हिशेब असा मांडा. रात्री दोनला निघालात आणि साडेसहापर्यंत उजाडलं, तर साडेचार तास झाले. वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, तर वेळ वाढणार. म्हणून दुप्पट धरा, नऊ तास. मध्यम उजेडावर नऊ तास चालणारा दिवा हवा, नाहीतर सोबत जादा सेल हवेत.

सेल घ्यावेत की चार्जिंगचा दिवा घ्यावा? एका रात्रीसाठी दोन्ही चालतात. रिमोटमध्ये घालतो ते बारीक सेल खेड्यातल्या दुकानातही मिळतात, आणि ते बदलायला अर्धं मिनिट लागतं. चार्जिंगचा दिवा पुढे स्वस्त पडतो. पण तीन-चार दिवसांचं शिबिर असेल, तर पॉवर बँक न्यावी लागते. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका. घरी आल्यावर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि दिवा खराब होतो. आणि संपलेले सेल डोंगरावर टाकायचे नाहीत, पिशवीत घालून घरी आणायचे. हे सांगायला नकोच!

पाण्याचंही पाहा. खोक्यावर इंग्रजीत आयपीएक्स अशी अक्षरं असतात आणि पुढे एक आकडा असतो. ४ असेल, तर चारी बाजूंनी उडालेलं पाणी दिवा सोसतो. ७ असेल, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. दिवाळीत ४ पुरे.

दुकानात दिवा डोक्याला बांधूनच पाहा. लाज कसली? मान हलवल्यावर तो घसरतो का? दिवा खाली वाकवता येतो का? पायाजवळचं दिसण्यासाठी तो वाकायलाच हवा. बटण अंधारात चाचपून सापडतं का? पिशवीत आपोआप पेटू नये म्हणून बटणाला कुलूप आहे का? तीन बारीक सेलचा साधा दिवा शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याहून फार जड दिवा लहान मुलांच्या कपाळावर ठरत नाही.

आणि लाल उजेड आहे का, ते जरूर बघा. अंधारात डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढरा झोत डोळ्यांवर पडला, की ती सगळी मेहनत क्षणात वाया! अंधारात पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही. म्हणून मंद लाल उजेडात नकाशा वाचून झाला, तरी नंतर चांदण्या दिसतात. शिवाय पांढऱ्या दिव्यावर किडे-पाकोळ्या थेट तुमच्या नाकाडोळ्यांवर येतात. लाल उजेडाकडे त्या मानाने कमी येतात. कळसूबाईजवळच्या भंडारदऱ्याला पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला गेलात, तर तिथे लाल उजेडही जपून वापरा. काजवे जोडीदाराला आपल्या उजेडानेच खूण करतात. आपल्या झोतात त्यांची खूण हरवून जाते.

दिवा घेतला म्हणजे झालं असं नाही, तो वापरायचीही रीत आहे. बोलताना आपण समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो, पण कपाळावर दिवा असताना तसं केलं, की त्याचे डोळे दिपतात. शिडीवर हे धोक्याचंच. म्हणून बोलताना मान खाली, किंवा दिव्यावर हात धरायचा. दुसरी गोष्ट. पावसाळ्यात धुकं दाटलं, की कपाळावरचा झोत धुक्यावरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा उजेड कमी करा, दिवा काढून हातात घ्या आणि कमरेच्या उंचीवर धरा. मग वाटेवरच्या दगडांच्या सावल्याही नीट कळतात.

तर सांगलीच्या मित्रा, तू कुणाचं ऐकावंस? बाबांचं अर्धं बरोबर आहे, उगाच खर्च नको. दादाचंही अर्धं बरोबर आहे, आकडे वाचायलाच हवेत, फक्त तिन्ही वाचायचे. दोन-तीनशे ल्युमेनचा, मध्यम उजेडावर नऊ तास टिकणारा, वाकणारा, लाल उजेड असलेला साधा दिवा तुला पुरेल. आणि बाबांना हे पत्र वाचून दाखव. एकच भारी दिवा घेण्यापेक्षा त्याच पैशांत चार साधे दिवे आलेले बरे. डोंगरात प्रत्येकाच्या कपाळावर आपला दिवा हवा. चौघांत एकच दिवा असला, तर तो ज्याच्याजवळ आहे त्यालाच वाट दिसते.

आता सगळ्यांसाठी गृहपाठ. घरात जी बॅटरी असेल ती घ्या. नवे सेल घाला, नाहीतर पूर्ण चार्ज करा. संध्याकाळी ती लावून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने दोन मीटरवर वर्तमानपत्र धरून पाहा. मोठा मथळा वाचता येतो का? बारीक अक्षर वाचता येतं का? वेळ आणि उत्तर वहीत लिहा. कुणाची बॅटरी किती तास टिकली, ते मला कळवा. निरीक्षणं नीट लिहिलेली पत्रं या पानावर घेऊ.

आणि हो, तो भाचा आता दहावीत आहे. परवा पुन्हा कळसूबाईला गेलो, तर शिडीच्या पायथ्याशी उभा राहून प्रत्येकाच्या डोक्यावरचा पट्टा ओढून तपासत होता. माझाही. "मावशी, घट्ट आहे ना? मग चढ," म्हणाला.

तुमच्या बाई