फवारणी करणाऱ्याचा जीव आणि जमीनमालकाचें कर्तव्य

किडीसाठीं आणलेलें विष माणसासही मारतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणें निराळें आणि तदनुसार वागणें निराळें. २०१७ सालच्या खरीप हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन विसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. हे लोक आपलें किंवा दुसऱ्याचें पीक राखीत होते, एवढाच त्यांचा अपराध!

विष अंगांत भिनण्यास तोंडाचीच वाट लागते असें नाहीं. कपाशी छातीएवढी वाढली म्हणजे फवाऱ्याचे तुषार तोंडावर येतात, भिजलेला सदरा अंगास चिकटून राहतो आणि औषध कातडीवाटें आंत शिरतें. मोनोक्रोटोफॉसच्या जातीचीं औषधें मज्जातंतूंचें कार्य बिघडवितात. प्रथम घाम व लाळ सुटते, ओकारी होते, दृष्टि अंधुक होते, स्नायु फडफडतात आणि अखेरीस श्वास कोंडतो.

"गडी ऐकत नाहीं, हातमोजे काढून टाकतो," अशी तक्रार आमचे पुष्कळ बंधु करितात. तींत मुळींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जेथें पंपामागें मजुरी ठरते, तेथें जो गडी वारा पाहून, हात धुऊन, सावकाश काम करील त्याची कमाई घटणार हें उघड आहे. मजुरीची रीत आपण ठरवावयाची आणि घाईचा दोष त्याच्या माथीं मारावयाचा, हा कोठला न्याय? फवारणीची मजुरी दिवसावर द्यावी आणि अंग धुण्याचा वेळ तींतच धरावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या बाबतींत कायदा नाहीं असें नव्हे. १९५८ सालीं केरळांत कीटकनाशक मिसळलेल्या पिठामुळें शंभरांहून अधिक माणसें मेलीं; पुढें १९६८ सालीं कीटकनाशकांचा कायदा झाला. १९७१ च्या नियमांनीं फवारणी करणाऱ्यासही योग्य संरक्षक कपडे असावेत असें सांगितलें आहे. परंतु बांधावर त्या नियमांचा अंमल करणारा कोणी असेल तर तो मालकच होय.

याकरितां बी, खत व औषध यांचा खर्च मांडतांना हातमोजे, चष्मा, मुखपट्टी, बंद पायताण व साबण यांचाही खर्च मांडावा. किडीचें प्रमाण पाहिल्यावांचून फवारूं नये आणि दोन औषधें मनास येतील तशीं एकत्र करूं नयेत. डब्यावर लाल त्रिकोण असल्यास तें विष अत्यंत जहाल समजावें व शक्यतों घेऊंच नये. भर उन्हांत व वाऱ्यांत काम सांगूं नये. तुंबलेली तोटी तोंडानें फुंकूं देऊं नये. गड्यास चक्कर किंवा मळमळ वाटतांच काम थांबवून, त्याचे कपडे उतरवून, अंग साबणानें धुऊन, औषधाच्या डब्यासह त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. डब्यावरील नांवावरून डॉक्टरांस उपचार ठरविणें सुलभ होतें.

आजारी बैल आपण औतास जुंपीत नाहीं. मग आपलें पीक वांचविणाऱ्या माणसाची तितकीही काळजी न घेणें कुणब्याच्या नांवास शोभेल काय? येत्या हंगामांत पहिला पंप भरण्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें याचा विचार करावा, इतकीच आमची विनंति आहे.